गाडी दम देईना

बहिरमच्या जत्रेला निघालो होतो. गाडीत सात जण, मागं कणकेचा डबा, वांगी, गोवऱ्या आणि स्वयंपाकाचं मोठं गंज. परतवाडा-बैतूल रस्त्यावर देऊळ तीन-चार किलोमीटरवर आलं असेल, तेवढ्यात गाडीनं जीव सोडला. बंद पडली नाही. आवाज नाही, धूर नाही, हिसका नाही, नुसता दम गेला. माझा पाय तसाच दाबलेला आणि काटा सत्तरवरून पन्नास, चाळीस, पस्तीस. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

“वझं झालं असन,” मागून आई म्हणाली. “मी उतरू का?”

गाडी बाजूला घेतली, बंद केली, बॉनेट उघडून सगळीकडं पाहिलं. काय पाहायचं ते माहीत नव्हतं, पण बॉनेट उघडणं म्हणजे रस्त्यात देऊळ दिसलं की हात जोडण्यासारखं आहे, केल्याशिवाय पुढं जाववत नाही. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर काही झालंच नाही अशी गाडी पळाली. गोवऱ्यांवर रोडगे भाजून झाले, हंडीतलं मटण झालं, येताना एकदाही कुरकुर नाही. ही जानेवारी २०२५ची गोष्ट. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा खेळ चालला.

गाडी २०१४ची, डिझेल, सात सीटर. पुण्याहून सेकंड हँड घेतली, नंबर अजून एमएच १२, म्हणून गावात तिचं नाव ‘पुणेवाली’. दम जायला लागल्यावर पोरांनी लगेच पसरवलं की पुणेवाली आहे, तिला दुपारी झोप लागते. मला हसू येत नव्हतं. आमचं गाव चांदूर बाजार तालुक्यात. रात्री-बेरात्री कुणाचं दुखलं-खुपलं की परतवाडा नाहीतर अमरावती गाठायला गल्लीत हीच एक गाडी. बंद पडणारी गाडी परवडली, निदान तिच्यावर कुणी विसंबत तरी नाही. ही चांगली चालायची आणि ऐन वेळी मान टाकायची.

आधी गावातल्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं हवेचा फिल्टर काढून आपटला, त्यातून पावभर माती निघाली, तो नवीन टाकला. डिझेल फिल्टर बदलला. जुना फिल्टर मी हौसेनं आरीनं कापून घेतला आणि आतला कागद पेपरवर पसरला. घड्यांच्या मधे काळसर थर होता, पण फार नाही. दोन-तीन ठिकाणी पांढरे केस चिकटलेले दिसले, बोटाच्या पेराएवढ्या लांबीचे, बारीक. मी विचारलं तर मिस्त्री म्हणाला, “कागदाचेच धागे असतात थे.” मलाही पटलं. फिल्टरच्या बुडातून पाणी काढलं, चार थेंबही निघालं नाही. निष्कर्ष काय, तर डिझेल साफ आहे, पंपावाल्याचा दोष नाही. तो कागद मी गोठ्यातल्या फळीवर ठेवून दिला.

आठवडाभर गाडी बरी चालली. मग अमरावतीहून येताना आसेगावच्या अलीकडं परत तेच.

मग अमरावतीचं सर्व्हिस सेंटर. एसीत बसवलं, चहा दिला. पोरानं स्कॅनर लावला आणि कोड निघाला, पी ००८७. म्हणजे फ्यूएल रेलमधला दाब पाहिजे त्यापेक्षा कमी. त्यानं समजावून सांगितलं ते खरंच नीट होतं. आताच्या डिझेल इंजिनात पुढचा पंप डिझेल ओढून घेतो, दाबून एका जाड नळीत भरतो, ती नळी म्हणजे रेल, आणि तिच्यातून चारही नोझलला डिझेल जातं. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, या रेलमध्ये चढावर हजार-बाराशे बारचा दाब लागतो. दाब कमी पडला की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाला इजा होऊ नये म्हणून ताकद कापून टाकतो, त्याला लिम्प मोड म्हणतात. लंगडत घरी जा, असा त्याचा हिशोब.

इथवर सगळं बरोबर. पुढचं वाक्य होतं, “सर, हाय प्रेशर पंप आणि चारही नोझल बदलावे लागतील. अठ्ठ्याहत्तर हजार.”

त्या वेळी आमच्या माजघरात छातीएवढा कापूस पडला होता. भाव वाढेल म्हणून ठेवलेला. २०२४-२५च्या त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता, आणि गावात येणारा व्यापारी तेवढाही द्यायला तयार नव्हता. म्हणजे पंप आणि नोझल यांत दहा क्विंटलच्या वर कापूस जाणार. आणि ‘बदलल्यावर शंभर टक्के जाईल का?’ या माझ्या प्रश्नाला पोरगा प्रामाणिकपणे गप्प बसला. मी कोड पुसून घेतला आणि गाडी घरी आणली.

मला आता वाटतं, स्कॅनर खोटं बोलला नव्हता. ताप १०२ आहे एवढंच त्यानं सांगितलं. मलेरिया की टायफॉइड हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. पण यादीत पंप पहिला होता, म्हणून पंप.

मधल्या दीड महिन्यात काय-काय केलं ते भराभर सांगतो, कारण त्यात शहाणपणाचं काही नाही. एकानं रेलचा सेन्सर बदलायला लावला. एकानं टर्बोचे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे, रबरी पाइप साबणाचं पाणी मारून तपासले, ते धड निघाले. एकानं ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व, काढून साफ केला. तो मात्र खरंच भरला होता, काजळी आणि तेल मिळून आतून डांबर झालेलं. त्यानंतर गाडी बारा दिवस अशी पळाली की मी त्या मिस्त्रीचं नाव चार जणांना सांगितलं. तेराव्या दिवशी वलगावच्या पुढं परत पिवळा दिवा. खर्च तोवर अकरा हजारांवर गेला होता.

ते बारा दिवस लक्षात ठेवा, त्यांच्याकडं परत यायचं आहे.

एप्रिल लागला, ऊन चढलं आणि सगळ्यांना एकदम कारण सापडलं. गाडी तापते. जो येईल तो तेच म्हणे. रेडिएटर धुवा, थर्मोस्टॅट काढून टाका, बॉनेटवर ओलं पोतं टाका. मलाही ते पटत चाललं होतं. दुपारी आमच्याकडं माणूसच दम देत नाही तर गाडी काय देईल.

हे मोडून काढलं माझ्या लेकीनं. ती अमरावतीला शिकते, सुटीत घरी आली होती. तिचं म्हणणं एकच, “बाबा, तुम्ही दरवेळी वेगळं सांगता.” आणि ते खरं होतं. मी कधी म्हणायचो चढावर जातो, कधी म्हणायचो सपाटीवरही गेला, कधी म्हणायचो बहुतेक उन्हातच. तिनं जुनं रजिस्टर घेतलं, रेघा मारल्या आणि गाडीच्या कप्प्यात पेनासकट ठेवलं. दम गेला की लिहायचं: वेळ, किती किलोमीटर चालल्यावर, माणसं किती, स्पीड किती, बंद केल्यावर किती वेळानं सुरू केली, मग काय झालं. दम गेला नाही तरी घरी आल्यावर एक ओळ लिहायचीच. मला हे शाळेतल्या हजेरीसारखं वाटलं, पण लेकीपुढं कुणाचं चालतं.

तीन आठवड्यांत एकोणीस ओळी झाल्या. त्यातल्या सात वेळा दम गेला होता. त्या ओळी खाली-वर पाहताना ज्या गोष्टी दिसल्या त्या मला चार महिने गाडी चालवून दिसल्या नव्हत्या. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये एकदाही गेला नाही. गावात, बाजारात, वावरात हळू चालताना कधीच नाही. सत्तरच्या वर सलग पळवली किंवा चढ लागला की मग. सातपैकी दोन वेळा सकाळी सहाच्या आत गेला होता, पहाटेच्या गारव्यात. म्हणजे ऊन सुटलं. आणि सगळ्यात विचित्र ओळ ही: “लगेच बंद-चालू केली, दिवा तसाच, पण ताकद आली. दोन किमीत परत गेली. मग दहा मिनिटं थांबलो. घरापर्यंत ठीक.”

लेकीनं ईएलएम ३२७ नावाचं काडेपेटीएवढं यंत्र मागवलं होतं. ते स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये घुसवायचं आणि मोबाइलवर ॲप उघडायचं, इंजिनाचे आकडे दिसतात. सातशे-आठशे रुपयांत आलं. उभ्या गाडीत रेलचा दाब २८० बारच्या आसपास. हवेचा दाब ९७ किलोपास्कल, म्हणजे बाहेर आहे तेवढाच. आम्ही दोघं परतवाड्याच्या रस्त्यावर निघालो, मी पळवतोय आणि ती मोबाइल धरून आकडे म्हणतेय. “आठशे. नऊशे. बाबा, दाबा. अकराशे. अकराशे वीस. अकराशे. नऊशे. सातशे. चारशे वीस!” आणि त्याच क्षणी गाडी बसली. पाय माझा तळाला टेकलेला.

तिनं ते आलेखात साठवून घेतलं होतं. घरी आल्यावर तिनं बोट ठेवून दाखवलं. डिझेलचा दाब आधी पडला, टर्बोच्या हवेचा दाब त्याच्यानंतर तीन-चार सेकंदांनी. म्हणजे टर्बोमुळं डिझेल कमी झालं नाही, डिझेल कमी पडलं म्हणून टर्बो बसला. टर्बो, ईजीआर, रबरी पाइप, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले. राहिला प्रश्न, दाब करणारा पंपच थकला आहे की त्याच्यापर्यंत डिझेलच पोचत नाही?

हे रजिस्टर घेऊन मी परतवाड्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. ट्रकांचे पंप-नोझल करण्यात त्यांची हयात गेली. दुकान म्हणजे टिनाचं शेड, एक बाकडं, भिंतीवर देवाचा एक फोटो आणि पंपाच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर. कॉम्प्युटरवाल्या गाड्या ते घेत नाहीत असं ऐकलं होतं. त्यांनी रजिस्टर चष्मा सरकवून पूर्ण वाचलं, आलेखाकडं पाहिलंही नाही.

“हे कोणं लिवलं?”

“लेकीनं.”

“तिले म्हना, दुकानात येत जा.” मग त्या विचित्र ओळीवर बोट ठेवलं. “दहा मिन्टं थांबल्यावर सुदी होते. चावी फिरवून नाई होत. बराबर?”

“हाव.”

“वायरीची बिमारी असती तं चावीनंच गेली असती. पंप घासला असता तं थांबून काय भरून येनार हाय? दहा मिन्टात लोखंड भरून येते का?” ते थांबले. “तुमच्या विहिरीवर फुटव्हॉल्व हाय?”

मी कपाळावर हात मारला. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या बुडाला जाळीचा फुटव्हॉल्व असतो. आता सबमर्सिबल आल्या, पण आमच्या जुन्या विहिरीवर अजून तोच आहे. पाण्यात निंबाचा पाला, शेवाळ, पन्नीचा तुकडा काहीही असलं की मोटर चालू असेपर्यंत ते जाळीला गच्च चिकटून बसतं आणि धार बारीक होते. मोटर बंद केली की ओढ संपते, पाला सुटून खाली जातो. थोड्या वेळानं मोटर लावा, धार पहिल्यासारखी, परत पाला येऊन चिकटेपर्यंत. हे मी वयाच्या दहाव्या वर्षापासून पाहतोय. किती वेळा विहिरीत उतरून ती जाळी हातानं साफ केली असेल. गाडीतही तेच, पुढचा पंप टाकीतून डिझेल ओढतो. माझ्या गाडीत टाकीत वेगळा पंप नाही, नुसती नळी आणि बुडाला जाळी. फक्त विहिरीत वाकून पाहता येतं, टाकीत नाही.

पण मिस्त्रीकाकांनी लगेच टाकी खोलली नाही. “आधी साबूत करू,” म्हणाले. हे मला सगळ्यात आवडलं. टाकी उतरवणं अर्ध्या दिवसाचं काम, आणि मजुरी माझी जाणार होती.

त्यांनी पाच लिटरची स्वच्छ कॅन घेतली, बॅटरीच्या बाजूला पट्ट्यानं घट्ट बांधली, टर्बो आणि सायलेन्सरपासून दूर. टाकीकडून फिल्टरला येणारा पाइप सोडवून बंद केला आणि फिल्टरला कॅनमधून नळी दिली. मग इंजिनाकडून टाकीत परत जाणारा पाइपही सोडवून त्याचं तोंड कॅनमध्ये सोडलं. हे मला कळलं नाही. ते म्हणाले, “पंप ओढते लय, जाळते थोडं. बाकीचं वापस धाडते. वापसी टाकीत सोडली तं कॅन दहा मिन्टात खाली.” म्हणजे आता गाडीचा टाकीशी काही संबंध उरला नव्हता. पंप तोच, नोझल तेच, फिल्टर तोच, कॉम्प्युटर तोच. फक्त विहीर बदलली.

आणि मग आम्ही चिखलदऱ्याला निघालो. परतवाड्याहून धामणगाव गढी सोडली की घाट लागतो. आमच्या भागात गाडीची परीक्षा घ्यायची तर यापेक्षा चांगला रस्ता नाही, सपाटीवरून उठून अकराशे मीटरवर जायचं. काका पुढं बसले, लेक मागं मोबाइल घेऊन. मागं वजन पाहिजे म्हणून दुकानातल्या पोरांनी दोन गिअरबॉक्स टाकले होते. मी गाडीला जितकं छळता येईल तितकं छळलं. वळणावरून बाहेर पडताना तिसऱ्यात पाय तळाला. “अकराशे पन्नास,” मागून आवाज. “अकराशे चाळीस. अकराशे साठ.” एकदाही हजाराखाली नाही. वर पोचलो तेव्हा उभ्या गाडीचा हवेचा आकडा ८९ झाला होता. लेक म्हणाली, सेन्सर बिघडला की काय. मग तिच्याच लक्षात आलं की वर हवा पातळ आहे. कॅनला हात लावला तर चटका बसला. इंजिनातून फिरून येणारं डिझेल केवढं गरम होतं ते तेव्हा कळलं. तिथं चिखलदऱ्याचीच कॉफी घेतली, कॅन थंड होऊ दिली, दुसऱ्या बाटलीतून भरली आणि खाली आलो.

माझ्यासाठी प्रश्न सुटला होता. काका म्हणाले, “एक बार गेली नाई, म्हनजे आज तिची मर्जी असन. टाकी जोडू अन् परत जाऊ.” धामणगावच्या अलीकडं झाडाखाली त्यांनी दोन्ही पाइप होते तसे जोडले. परत तोच घाट, तेच गिअरबॉक्स, तोच पाय. तिसऱ्या वळणावर लेक ओरडली, “आठशे, सहाशे, चारशे!” आणि पिवळा दिवा.

“बंद नोका करू!” काका दार उघडून उतरले सुद्धा. बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डोक्यावर हातानं डिझेल चढवायचं रबरी बटण असतं, प्रायमर म्हणतात. एरवी दाबून सोडलं की ते टपकन वर येतं. काकांनी मला हाताला धरून वाकवलं. इंजिन धडधडत होतं आणि ते बटण आत ओढलं गेलं होतं, पोट खपाटीला गेलेल्या जनावरासारखं. काकांनी नखानं उचलायला पाहिलं, येईना. “पुढचा ओढून राह्यला, मागून येऊनच नाई राह्यलं. आता बंद करा.”

चावी काढली. आम्ही तिघं बॉनेटमध्ये डोकं घालून त्या बटणाकडं पाहत उभे. मिनिटभर काहीच नाही. मग ते किंचित हललं. मग हळूहळू, कुणी आतून फुंकर घालतंय असं, फुगत वर आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझ्या गाडीचा आजार डोळ्यांनी दिसला.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. अठ्ठावीस लिटर डिझेल निघालं, ते फडक्यातून गाळून ड्रममध्ये भरलं. काकांनी वरचं झाकण फिरवून काट्याच्या फ्लोटसकट ओढायची नळी बाहेर काढली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली.

बुडाच्या जाळीवर फुलवात होती. दुसरा शब्द नाही. देवापुढं तुपात भिजवून ठेवतो तशी, खाली पसरट आणि वर पीळ बसलेली, फक्त तुपाच्या ऐवजी डिझेल पिऊन पिवळी-करडी झालेली. अर्ध्याहून जास्त जाळी तिनं झाकली होती, उरलेल्या भागावर पांढरे केस लोंबत होते. काकांनी चिमटीनं ती सोडवली, पेपरवर ठेवली, पिळून काढली. मग काडीनं उकलताना आतून एक काळा दाणा निघाला.

सरकी.

काकांनी दाणा तळहातावर घेतला, माझ्याकडं पाहिलं. “बाजारातला कापूस असता तं त्यात सरकी नसती, भाऊ. हा घरचा हाय.”

तेव्हा मला डिसेंबरमधली रात्र आठवली. शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि माझी टाकी तळाला गेलेली. जवळचा पंप बंद झाला होता. गोठ्यात ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम असतो. मी नरसाळं लावलं आणि बाबांची सवय, विहिरीवरच्या इंजिनात ते डिझेल ओतायचे तेव्हा नरसाळ्यात कापसाचा बोळा धरायचे, कचरा अडावा म्हणून. मी माजघरातल्या ढिगातून मूठभर कापूस ओढला, नरसाळ्यात बसवला, टॉर्च दातात धरला आणि वीस लिटर ओतलं. नरसाळं काढलं तेव्हा बोळा नव्हता. अंधारात कुठं पडला असेल म्हणून पाहिलंही नाही, तेवढा वेळच नव्हता. तासाभरात अमरावती गाठली. गाडीनं त्या रात्री काही त्रास दिला नाही.

कचरा अडवायला लावलेला बोळाच टाकीत गेला होता.

बाकीचं सगळं मग आपोआप उलगडलं. महिनाभर तो बोळा टाकीत हिंडत, सुटत, पसरत असणार, जानेवारीत जाळीला सापडला. हळू चालताना ओढ कमी, म्हणून त्रास नाही. फिल्टर साफ का, तर कचरा त्याच्या आधीच जाळीवर अडत होता. फिल्टर साफ म्हणजे टाकी साफ, हा आमचा सगळ्यांचा समज उलटा निघाला. आणि ते बारा दिवस? ईजीआर साफ करणाऱ्या मिस्त्रीला मी फोन केला. त्यानं सांगितलं, त्या दिवशी “जाता जाता” त्यानं डिझेलची लाइनही कॉम्प्रेसरच्या हवेनं टाकीकडं मारली होती. बिलात लिहिलं नव्हतं. हवेनं बोळा लांब फेकला गेला, परत यायला त्याला बारा दिवस लागले. कौतुक ईजीआरचं झालं.

काकांनी टाकी स्वच्छ डिझेलनं दोनदा धुतली, लाइन फिल्टरपासून सोडवून हवा मारली, फिल्टर नवा टाकला. त्यांनी दोन हजार घेतले. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, लेकीला रजिस्टरचे द्या.

घरी आल्यावर गोठ्यातल्या फळीवरचा तो फेब्रुवारीतला कागद काढला. धूळ बसली होती, पण पांढरे केस तसेच होते. एक सुटा केला आणि माजघरातल्या कापसाच्या चिमटीशेजारी ठेवला. आईला दाखवला. तिनं दोन्ही बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाली, “हा आपलाच हाय. तुले दिसला नाई?”

कापूस आम्ही मेच्या शेवटी विकला, भाव काही वाढला नाही. ड्रमसाठी जाळीचं नरसाळं आणलं, तालुक्याच्या बाजारात सत्तर रुपयांना मिळालं. त्या रात्रीची पोर आता पालथी पडते. चिखलदऱ्याला त्यानंतर तीनदा जाऊन आलो, दोनदा पूर्ण भरून, अकराशेच्या खाली आकडा आला नाही. फिल्टर मात्र मी दोन हजार किलोमीटरवर बदलून परत कापला. चौदा केस निघाले. त्याच्या पुढच्यात तीन.